समुद्राला निघालो, नाल्यापर्यंत पोचलो

मुक्काम : जिनिंगमधली खोली, नालवाडीच्या नाल्यापलीकडे
ज्येष्ठ, १९५८

तीर्थस्वरूप प्रभाकररावांच्या पायाशी, वर्धेच्या उन्हात अर्धाअधिक वाळलेल्या धाकट्या साडूचा, म्हणजे नानाजीचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहायची रीत म्हणून लिहिलेलं नाही. इथे टेबल नसल्यामुळे मी खरोखरच सरकीच्या पोत्यावर पालथा पडून लिहितो आहे.) आपली प्रकृती कशी आहे? सुलोचनाताईंच्या गुडघ्यांना खारी हवा मानवली का? कचेरीतली मंडळी अजून तुम्हाला 'ते नागपूरकडचे' म्हणून बाजूला बसवतात, की आता चहाला विचारतात? आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. खुशाल आहेत असं लिहिणार होतो, पण आपण वडीलधारे, तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

शाळेला सुट्टी लागली की आम्ही तिघं आणि एक कुत्रा असे मुरूडला येऊ, तुमच्याकडे राहू आणि समुद्र पाहू, असं मी मागे कळवलं होतं. त्याप्रमाणे आम्ही एव्हाना तुमच्या ओसरीवर बसून भात खात असायला हवे होतो. प्रत्यक्षात आम्ही निघालो आहोत, वाजतगाजत निघालो आहोत, सगळ्या नालवाडीने आम्हाला निरोप दिला आहे, आणि नाला ओलांडून इथे अडकलो आहोत. कापूस पिंजून सरकी काढायच्या या जिनिंगच्या फाटकात उभं राहिलं की माझ्या अंगणातला कडुनिंब दिसतो. पण मला माझ्या घरी जाता येत नाही आणि समुद्राकडेही जाता येत नाही. हे कसं झालं ते सविस्तर लिहितो. आपण पाणीबिणी पिऊन बसावं.

मुळात सगळी सुरुवात तुमच्या बदलीपासून झाली. राज्यांची जुळवाजुळव झाली, आपण एका सकाळी मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलो, आणि सरकारने तुम्हाला इथल्या तहसिलीतून उचलून थेट समुद्रकाठच्या मामलेदार कचेरीत नेऊन ठेवलं. तेव्हा सगळे हळहळले होते. स्टेशनावर बायका रडल्या. एकटी कोकिळा रडली नाही. टांग्यात परत येताना ती एवढंच म्हणाली, 'ताईच्या नशिबात समुद्र होता.' (आपल्या दोघांची सासुरवाडी समुद्रपूर. यावरचे सर्व विनोद दोन्ही लग्नांत करून संपलेले आहेत, कृपया नवा करू नये.) पुढे ताईंनी कोणाबरोबर तरी एक शिंपला पाठवला. दात येताना आमच्या नलूने तो चघळचघळ चघळला, तरी कोकिळा तो धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवते. आता खरी गोष्ट सांगतो. लग्न झाल्यापासून दर वैशाखात ती मला विचारायची, यंदा समुद्र दाखवता का. एका वर्षी माझ्या मामेभावाचं लग्न निघालं, एका वर्षी आईचा मोतीबिंदू, एका वर्षी खुद्द नलू. मी प्रत्येक वेळी 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणायचो आणि ती 'बरं' म्हणायची. यंदा वैशाख आला आणि तिने विचारलंच नाही. पापडाचं पीठ कुटत राहिली. बायको भांडली तर माणूस कसंतरी निभावून नेतो, प्रभाकरराव, पण ती मागायचंच सोडून देते तेव्हा फार भीती वाटते. मला वाटली. म्हणून या खेपेला मी होऊन म्हणालो की यंदा जाऊ. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मुसळ पुन्हा हातात घेतलं.

कुत्रा कशाला आणता, असं ताई म्हणतील. त्यांनी नलूचं जेवण पाहिलेलं नाही. नलू आता दोन वर्षांची होईल, पण ती स्वतःच्या भुकेने जेवत नाही. समोर दरोगा बसलेला लागतो. (हे कुत्र्याचं नाव. काम काही न करता दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने पाहतो म्हणून.) पहिला घास त्याला, तो त्याने खाल्ला की मग हिला. त्याने हुंगून सोडून दिला तर हीसुद्धा तोंड मिटते, मग तुम्ही चिऊ दाखवा की काऊ दाखवा. दरोग्याला भेंडी आवडत नाही म्हणून आमच्या घरात भेंडी शिजत नाही. मागे तो गावातल्या एका लग्नाच्या पंगतीमागे हिंडत राहिला तर नलू दिवसभर उपाशी, आणि मी, म्युनिसिपल शाळेतला मास्तर, त्या मांडवात कुत्र्याला हाका मारत फिरत होतो. लोकांना वाटलं, मास्तर जेवायच्या आशेने आला. तर सांगायचं असं की कोकिळेला न्यायचं तर नलू आली, आणि नलूला न्यायचं तर दरोगा आला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक झाली ती हेडमास्तरांशी बोलताना. ते म्हणाले, सुट्टीत कुठे? मी ऐटीत म्हणालो, हवापालटाला. आता आपल्याकडे माणूस गावाला जातो तो लग्नाला, मयताला, कोर्टात, नाहीतर देवाला. नुसतं पाणी पाहायला कोणी जात नाही, आणि हवापालट हा शब्द नालवाडीत एकाच रोगासाठी, क्षयासाठी, वापरतात. थंडीत कोकिळा महिनाभर खोकलत होती हे सगळ्यांना एकदम आठवलं. वैशाखात गल्लीतल्या बायका मिळून आळीपाळीने एकेकीच्या घरी शेवया करतात, हे आपणास ठाऊकच आहे. यंदा कोकिळेला बोलावणं आलं नाही. ती पाट घासून, हात धुऊन ओट्यावर बसली होती. समोरच्या अंगणात बाजांवर शेवया वाळत होत्या, बायका हसत होत्या, आणि नलू दुडुदुडु तिकडे गेली तर एरवी तिच्यासाठी भांडणाऱ्या बायकांपैकी एकीनेही तिला उचललं नाही. ते मला पाहवलं नाही. पाहवलं नाही की मी काहीतरी मूर्खपणा करतो, हे आपण माझ्या लग्नापासून पाहत आला आहात.

मूर्खपणा करायला समोर बापूजी होते. (शेजारचे बापूजी, पंचांग उशाशी घेऊन झोपणारे. आपण त्यांना एकदा वार विचारला होता आणि मग आपली कचेरी चुकली होती.) ते ओट्याशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, 'काऊन मास्तर, सूनबाईले कोन्या दवाखान्यात नेऊन राह्यले?' मी ताडकन म्हणालो की दवाखाना कसला, आम्ही यात्रेला चाललो, समुद्रस्नानाला, हरिहरेश्वराला. हे नाव मी ताईंच्या तोंडून कधीतरी ऐकलं होतं. ते मुरूडपासून जवळ की लांब, वाटेत खाडी लागते की डोंगर, मला काहीही माहीत नाही. बापूजींचा चेहरा उजळला. 'मंग हे आंधी सांगाले काय झालतं?' असं म्हणून ते उठले आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळेला शेवयांचं बोलावणं आलं. नलूला दोघीतिघींनी एकदम उचललं. मला वाटलं, जिंकलो.

पण हवापालटाला माणूस आपल्या मर्जीने जातो, यात्रेला जात नाही. संध्याकाळी आई भिंतीकडे तोंड करून बसली. का विचारलं तर म्हणाली, 'पोरगा यात्रेले चालला अन् माय घर राखन?' म्हणजे आई आली. मग बापूजी आले, कारण आम्हाला रस्ता माहीत नाही असं त्यांचं म्हणणं. (रस्ता त्यांनाही माहीत नाही. ते पुलगावच्या पलीकडे गेलेले नाहीत.) मग गल्लीने समुद्रासाठी आपापल्या वस्तू आणून द्यायला सुरुवात केली. कोणी खणानारळाची ओटी दिली, कोणी गडू दिला, तो भरून आणायचा. कोणाला ते पाणी खरजेवर हवं होतं. एका शेतकऱ्याने नुसता निरोप दिला की माह्या विहिरीले पानी लागू दे म्हनजा, आणि मी बरं म्हणालो, कारण तोवर मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. परत आल्यावर गल्लीला मावंद्याचं जेवण घालायचं, हे माझ्याच अंगणात बसून माझ्यासमोर ठरलं. दरोग्यावर थोडा वाद झाला. यात्रेत कुत्रा कसा, असं बापूजी म्हणाले. मी त्यांना नलूच्या जेवणाला बसवलं. दरोग्याला बांधून ठेवल्यावर ती जे ओरडली ते ऐकून त्यांनी कानावर हात ठेवून परवानगी दिली, फक्त त्याने शिदोरीला तोंड लावता कामा नये एवढी अट घातली. (त्याने प्रस्थानाच्या दिवशीच सगळ्या दशम्या खाल्ल्या. हे बापूजींना अजून माहीत नाही, त्यांना वाटतं दशम्या गाठोड्यात आहेत.)

आता प्रस्थानाचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. मी गाडीचा दिवस ठरवून आलो तर तो शुक्रवार निघाला. शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ, म्हणजे त्या दिवशी तिकडे निघायला मनाई. मुंबई पश्चिमेला आहे, यात माझा काही दोष नाही, पण बापूजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच ती तिकडे ठेवली. मग त्यांनीच तोड काढली की प्रस्थान ठेवू. (कचेरीच्या कामात आपण विसरला असाल. चांगल्या मुहूर्तावर घर सोडायचं, शीव ओलांडून दुसऱ्याच्या घरी राहायचं, आणि गाडीच्या दिवशी तिथून निघायचं. म्हणजे आपण मुहूर्तावर निघालो असं होतं आणि शुक्रवाराला पत्ता लागत नाही. मात्र एकदा निघालं की यात्रा झाल्याशिवाय माघारी घरात पाऊल टाकायचं नाही.) बाकीचे लोक यासाठी एखादं गाठोडं पुढे पाठवतात आणि स्वतः घरी आरामात झोपतात. पण बापूजी म्हणाले, 'लेकरू संग आहे, समद्याहिनंच शीव वलांडलेली बरी.' लेकराचं नाव निघाल्यावर आईपुढे कोणाचं काय चालणार? माझे मित्र अण्णाजी या जिनिंगमध्ये मुनीम आहेत. हंगाम संपल्यामुळे सरकीच्या गोदामाला लागून असलेली खोली रिकामी होती. त्यांनी ती आनंदाने दिली. बुधवारी आम्हाला बैलांच्या रेंगीत बसवून, पुढे वाजंत्री लावून, नाल्यापर्यंत पोचवलं. माझ्या गळ्यात हार होता. माझ्याच वर्गातली मुलं माझ्या पाया पडत होती, जी एरवी मला पाहून गल्ली बदलतात. कोणीतरी दरोग्यालाही गुलाल लावला, तो अजून निघालेला नाही.

शुक्रवारी स्टेशनावर गेलो. गार्ड भला माणूस होता, पण नियम म्हणजे नियम, कुत्रा डब्यात बसत नाही, त्याला ब्रेकव्हॅनच्या पेटीत जावं लागतं. दरोग्याला पेटीत घातलं. झडप लागताच आतून त्याने आणि बाहेरून नलूने एकच सूर धरला. कोकिळेने नलूला पोळी दिली, तिने ती एका हमालाच्या डोक्यावर फेकली. शेवटी मीच गार्डाला विनवून झडप जराशी उघडायला लावली, एवढ्याचसाठी की नलूला दिसावं, तो आत सुखरूप आहे. दरोगा त्या जराशातून बाहेर पडला आणि फाटकातून निघून गेला. त्याच्यामागे मी, माझ्यामागे बापूजी, आणि आमच्यामागे गाडीची शिट्टी. कोकिळा एक पाय डब्याच्या पायरीवर ठेवून उभी होती. तिने तो खाली घेतला. मी पळताना मागे वळून पाहिलं तेव्हा तेच नेमकं दिसलं, आणि तेव्हापासून मला तेच दिसतं आहे.

दरोगा सापडला आमच्या घराच्या उंबरठ्यावर. कुत्र्याला प्रस्थान कळत नाही. मी म्हणालो, आता घरी चला. आई रस्त्यातच बसली. 'घरात पाय टाकला तं पोट्टीले भोवते,' असं ती म्हणाली, आणि माझं बोलणं तिथेच संपलं. (मी मुलांना ग्रहण कसं लागतं ते लिंबू आणि कंदील घेऊन शिकवतो. तरीही संपलं.) बापूजींनी निकाल दिला की पहिलं प्रस्थान बाटलं, आता नवा मुहूर्त लागेल. आम्ही जिनिंगमध्ये परत आलो. मग रविवार आला, त्यालाही पश्चिमेला दिशाशूळ. मग आईला उन्हाचा ताप आला. मग अमावास्या आली. बापूजी रोज सकाळी पंचांग उघडतात, बोट फिरवतात, मान हलवतात आणि चहा मागतात. त्यांना इथे फार बरं वाटतं आहे. ते म्हणाले की यात्रेत माणसाची प्रकृती सुधारते ती अशी.

इथलं राहणं काय सांगू! कापसाचे तंतू भातात असतात, पाण्यात असतात, नलूच्या कानात असतात. माझा चष्मा घरी कोनाड्यात राहिला, तो आणायची सोय नाही, कारण यात्रेकरूचं कुलूप दुसऱ्यानेही उघडायचं नसतं असं आईचं म्हणणं. (म्हणून अक्षर असं आहे. माफी असावी.) रोज दुपारी दरोगा आपल्या घरी जाऊन उंबरठ्यावर झोपतो आणि नलूच्या जेवणाची वेळ झाली की मला त्याला आणायला जावं लागतं. मी अंगणात पाय टाकू शकत नाही. रस्त्यावर उभा राहून हलक्या आवाजात हाका मारतो, कारण लोकांच्या दृष्टीने मी हरिहरेश्वरी आहे. परवा डोक्यावरून छत्री खाली ओढून चाललो होतो, तरी एका विद्यार्थ्याच्या आजीने ओळखलं. 'गुरुजी, येऊन बी गेले?' म्हणून तिने भर रस्त्यात माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी काय करणार? आशीर्वाद दिला.

कोकिळा तीन विटा मांडून स्वयंपाक करते, नलूच्या केसातला कापूस वेचते, बापूजींना चहा देते. समुद्रावर नेसायचं म्हणून तिने एक निळं लुगडं वर काढून ठेवलं होतं. काल तिने ते घडी करून गाठोड्याच्या अगदी तळाशी घातलं. मी पाहतो आहे हे तिला दिसलं तेव्हा म्हणाली, 'राहू द्या. फुडच्या वर्षी पाहू.' हे माझं वाक्य आहे, प्रभाकरराव. इतकी वर्षं मी ते सहज म्हणत आलो. तिच्या तोंडून ऐकलं आणि मला रडू आलं, पण खोलीत बापूजी होते, म्हणून कापूस डोळ्यात गेला म्हणालो.

तर आमचं हे असं आहे. याहून जास्त कळवण्यासारखं काही नाही आणि जे कळवलं तेही कोणाला वाचून दाखवण्यासारखं नाही. ताईंना नमस्कार. समुद्राला, तो अजून तिथेच असेल तर, आमचा नमस्कार सांगावा.

आपला, ना घरचा ना समुद्राचा,
नानाजी

ता. क. खरं म्हणजे पत्र एका विनंतीसाठी लिहिलं. आई पंचांग मानते, पण बापूजी पंचांगाहूनही जास्त सरकारला मानतात. आपण कचेरीत आहात. 'समुद्र बंद आहे, कोणी येऊ नये' अशी एक तार करावी. सरकारनेच समुद्र बंद केला म्हटल्यावर यात्रा मोडल्याचा दोष आमच्यावर येत नाही, असं मी बापूजींकडून आडून आडून वदवून घेतलं आहे. आम्ही मानाने घरी जाऊ. कोकिळेला मात्र यात माझा हात आहे हे कधीही कळता कामा नये. तिला मी दिवाळीत नागपूरला अंबाझरी तलाव दाखवीन. पाणीच पाहायचं तर तेही काही कमी नाही.

ता. क. दुसरा. मला दिवसाढवळ्या पोस्टापर्यंत जाता येत नाही, म्हणून हे पत्र टाकायला कोकिळेजवळच देतो आहे. काळजी नसावी, ती माझी पत्रं वाचत नाही.

भाऊजींना कोकिळेचा नमस्कार. वरचं सारं वाचलं. तार करू नोका. मी हे स्टेशनावर बसून लिहून राह्यली. सासूबाईले म्हटलं, मी चालली, तुमी येता का? तं त्या माह्या आंधी टांग्यात जाऊन बसल्या. म्हने, आपन घराकडं थोडीच चाललो, फुडंच चाललो, त्यात काय बाटते. नलू अन् दरोगा दोघंई दहीभात खाऊन बाकाखाली निजले आहेत, गाडी आली का त्याले निजल्यानिजल्याच पेटीत ठेवू. बापूजी आंघोळीले गेलते, त्याहिले सांगाचं राह्यलं. गाठोडं त्याहिच्यापाशीच आहे, लुगडं तेवढं मी काढून घेतलं. हे मांगून धावत आले. आमाले थांबवाले आलते. आता दरोग्याचं तिकीट काढाच्या रांगीत उभे आहेत. आज वार कोनता ते मी पाह्यलं नाई. पत्र मेलनं येईल, आमी पशिंजरनं येतो, म्हनून आंधीच सांगून ठेवते. ताईले म्हना, सैपाक करून वाट पाहू नोको. मी आंधी समुद्र पाहीन, मंग जेवीन.